गळतीसाहेबांची डावी दाढ

भररस्त्यात एक जाडजूड गृहस्थ पालथे पडले आहेत, तोंडातली लांब लोखंडी सळई रस्त्यातल्या झाकणाखाली गेली आहे, डोळे मिटलेले आहेत आणि चेहऱ्यावर गाणं ऐकल्याचं समाधान आहे, असं दृश्य कुणाला दिसलं तर त्याने घाबरून जाऊ नये. रुग्णवाहिका तर मुळीच बोलावू नये. ते गळतीसाहेब असतात आणि कामावर असतात.

जमिनीखालचा नळ फुटला की पाणी फुटल्या जागी वर येत नाही. ते आपल्या सोयीने वाट काढतं आणि भलत्याच्याच दारात उगवतं. पाणीपुरवठा खातं मग भलत्याचं दार खणतं. हे होऊ नये म्हणून नळावर सळई टेकवून आत सूं असा आवाज येतो का ते ऐकायचं असतं. खात्यातली बाकीची मंडळी सळईचं वरचं टोक कानाला लावत. गळतीसाहेब ते दातांत धरत, आणि तेही नेमकं डावीकडच्या खालच्या दाढेत. "कानात वारा शिरतो, हॉर्न शिरतात, शेजारच्याच्या गप्पा शिरतात," ते सांगत. "दाढेत फक्त पाणी शिरतं." त्यांनी बोट ठेवलं तिथे खणावं आणि पाणी लागावं, असं इतकी वर्षं चाललं होतं की हुद्द्याने ते साहेब नसूनही सगळे त्यांना गळतीसाहेब म्हणत. खरे साहेबसुद्धा.

बायको म्हणत नसे. तिचं म्हणणं एवढंच होतं की या माणसाला रस्त्याखाली पुरुषभर खोल कुजबुजलेलं ऐकू येतं आणि स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही. यात खोटं काही नव्हतं.

तर अशी ही दाढ एके दिवशी कामावर असतानाच फितूर झाली. बाजारातल्या झाकणावर त्यांनी सळई धरली, नेहमीसारखी चावली, आणि कळ अशी मस्तकात गेली की त्यांना नळातलं पाणी सोडून स्वतःच्या डोळ्यांतलंच ऐकू आलं. ते उठले, पँट झटकली आणि हाताखालच्या माणसांना म्हणाले, "इथे काही नाही. पुढे चला." दाढ दुखते हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पहिलवानाने गुडघा दुखतो म्हणून सांगत फिरू नये, असं त्यांचं मत होतं.

आणि नेमका हाच मुहूर्त खालच्या मजल्यावरच्या सरांनी गाठला. हे सर जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या छतावर ओल आली होती आणि ती गळतीसाहेबांच्या बाथरूममधून येते असं त्यांचं म्हणणं होतं. गळतीसाहेबांच्या घरात गळती, म्हणजे डॉक्टरच्या घरात अंगारे धुपारे. साऱ्या इमारतीला हा विनोद फार आवडला. कमिटी जमली, सर आले, वरचे आले, शेजारचे आले, आणि गळतीसाहेबांनी सगळ्यांच्या देखत आपल्या बाथरूमच्या नळावर सळई लावून परीक्षा घ्यायची असं ठरलं.

आता आली का पंचाईत. दाढ ठणकत होती. सळई चावली असती तर कमिटीसमोर किंकाळी फुटली असती. म्हणून त्यांनी सळई नुसती ओठांत धरली, दात दातांपासून सुरक्षित अंतरावर ठेवले, डोळे मिटले, चेहऱ्यावर ते गाणं ऐकल्याचं समाधान आणलं आणि थोड्या वेळाने निकाल दिला. "कोरडं. ठणठणीत कोरडं." कमिटीने माना डोलावल्या. ही गोष्ट फक्त तिघांना माहीत होती. गळतीसाहेब, त्यांची दाढ आणि आता तुम्ही.

बायको तेवढी दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पण त्या भिंतीत सारखं सूं सूं होतं. मी कधीची सांगतेय."

"ती हवा असते," गळतीसाहेब म्हणाले. "नळात हवा असते. तुला नाही कळायचं."

सरांनी वाद घातला नाही. ते शिक्षक होते, चुकीचं उत्तर ऐकून न भडकण्याची त्यांना सवय होती. रोज सकाळी जिन्यात भेटले की ते फक्त ताजी परिस्थिती सांगत. "काल बेट होतं. आज भिंतीला टेकलं. द्वीपकल्प झालं." चार-आठ दिवसांनी, "पंख्याच्या बाजूने दुसरं बेट वर येतंय. मध्ये सामुद्रधुनी आहे, पण फार दिवस राहील असं वाटत नाही." गळतीसाहेब "असं का, असं का" म्हणत दोन पायऱ्या एकदम उतरत.

इकडे दाढेने घरचं अन्न आणि झोप दोन्ही बंद केली. गरम लागे, गार लागे, गोड लागे आणि काहीच खाल्लं नाही तरी लागे. शेवटी बायकोला कळलं, आणि बायकोला कळलं म्हणजे इमारतीला कळलं. मग सल्ले सुरू झाले. शेजारणीने लवंगेचं तेल दिलं. वरच्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. एकाने बर्फ लावा म्हटलं, दुसऱ्याने शेका म्हटलं, आणि दोघांचंही मन राखायचं म्हणून गळतीसाहेबांनी दोन्ही केलं. त्याने गाल कोमट झाला. दाढ होती तशीच राहिली.

मेव्हणा मात्र मुद्द्याचं बोलला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही दुखण्याचं निदान तो वायरिंगवरून करी.

"भावजी, हल्ली दाढ काढत नाहीत. रूट कॅनाल करतात."

"म्हणजे काय करतात?"

"दाढेला वरून भोक पाडतात आणि आतली नस ओढून काढतात. मग पोकळी बुजवतात, वर टोपी घालतात. दाढ दिसायला दाढ, पण आत कनेक्शन नाही."

गळतीसाहेबांचा हात गालावर गेला. "म्हणजे... कळत नाही काही त्या दाढेला?"

"वायर काढल्यावर बल्ब लागतो का?" मेव्हणा म्हणाला आणि निघून गेला. असल्या माणसांना असं बोलून लगेच घरी जायची सवय असते. मागे राहणाऱ्याचं काय होतं ते त्यांना बघावं लागत नाही.

गळतीसाहेबांचं फार वाईट झालं. दुखण्याचं त्यांना विशेष नव्हतं. पण नस गेली म्हणजे सूं ऐकणारी दाढ गेली, आणि ती गेली म्हणजे मग आपण कोण? रस्त्यावर पालथा पडणारा एक जाडा माणूस. त्यात खात्यात नवं यंत्र आलं होतं. डोक्याला लावायचे कर्णे, हातात डबा, डब्यावर काटा. खरे साहेब स्वभावाने चांगले, पण स्पष्ट होते. "तुमची दाढ आहे तोवर ठीक," ते म्हणाले होते. "यंत्र एक आहे आणि शहर मोठं आहे. पण तब्येत साथ देत नसेल तर तसं सांगा. तक्रार खिडकीवर बसायला अनुभवी माणूस हवाच आहे."

तक्रार खिडकी. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांचं ऐकायचं असतं. नळ एकदाच सूं म्हणतो आणि खरं बोलतो. माणूस आधी शेजाऱ्याची आई काढतो, मग स्वतःचं ब्लडप्रेशर सांगतो आणि मग पाणी येत नाही म्हणतो. त्या खिडकीवर बसलेले पूर्वीचे दोघे आता कुणाशीच बोलत नाहीत अशी खात्यात वदंता होती.

तरीही गळतीसाहेबांनी एक प्रयत्न करून पाहिला. दाढ कामाच्या वापराने बिघडली, तेव्हा तिची दुरुस्ती खात्याने करावी, असं त्यांनी हेडक्लार्कपुढे मांडलं. हेडक्लार्क विचारी गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "दातांचं काम खातं सौंदर्योपचारात धरतं."

"सौंदर्य? या तोंडात?"

"मला ते दिसतंय," हेडक्लार्क समजुतीने म्हणाले. "पण नियम आहे. हत्यार म्हणून धरायचं तर हत्यार निवृत्तीच्या वेळी स्टोअरमध्ये परत जमा करावं लागतं. दाढ जमा करणार का?" गळतीसाहेब उठून आले.

आणि मग एका सकाळी ते जागे झाले तर दाढ दुखत नव्हती. त्यांनी जीभ लावून पाहिली. काही नाही. गार पाणी घेतलं. काही नाही. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी गरम चहा डाव्या गालात धरून ठेवला. दाढ ढिम्म. इतकं निर्मळ सुख त्यांना पहिल्या पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

"झाली बरी," त्यांनी जाहीर केलं. "मी म्हणत होतो. नस आपली आपण शांत होते."

बायकोला हे पटलं नाही. "असं कसं एकाएकी? कुठेतरी पाणी मुरतंय."

पण इथे गळतीसाहेबांच्या पाठीशी अख्खं खातं उभं होतं. खात्याची जुनी रीत अशी की तक्रार यायची थांबली की गळती बंद झाली असं धरायचं. या रीतीवर कितीतरी गळत्या कुदळ न लावता बंद झाल्या होत्या. दाढेने तक्रार थांबवली होती. प्रकरण मिटलं. त्यांनी लवंगेचं तेल शेजारणीला परत केलं, मेव्हण्याला फोन करून वायरिंगबद्दल चार शब्द सुनावले आणि दोन दिवस जिन्यात शीळ घालत हिंडले. सरांनी सांगितलं की सामुद्रधुनी बुजली आणि संयोगभूमी तयार झाली, तेही त्यांनी शीळ न मोडता ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आरशात त्यांना ओळखीचा उजवा आणि अनोळखी डावा गाल दिसला. दुपारपर्यंत डावा डोळा बारीक झाला. बायकोने काही न बोलता पायात चपला घातल्या, त्यांचा दंड धरला आणि कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. एवढा मोठा खात्याचा माणूस, पण त्या वेळी शाळेत पोचवायला नेलेल्या पोरासारखा चालला.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. "काय होतंय, काका?"

"दुखणं बंद आहे," गळतीसाहेब गालातून म्हणाले. "सूज चालू आहे."

बाईंनी दाढेला बर्फासारखं गार काहीतरी लावलं. लागलं का विचारलं. नाही लागलं. मग एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. दाढेची मुळं लांब, आणि मुळाच्या टोकाशी, हाडात, एक काळपट डाग.

गळतीसाहेब उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच दवाखान्यातली एखादी गोष्ट त्यांना न सांगता कळली होती. "ही ओल आहे," ते म्हणाले.

"ओलच समजा," बाई म्हणाल्या. "दाढेला वरून बारीक चीर आहे. कडक काही चावत होतात का?"

"लोखंड," बायको म्हणाली.

बाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुढे चालू ठेवलं. "त्या चिरेतून जंतू आत गेले. दाढेच्या आत मऊ गर असतो, त्यात नस असते. ती सुजली तेव्हा तुम्हाला दुखत होतं. मग ती मेली. म्हणून दुखायचं थांबलं."

"थांबलं म्हणजे बरं नाही झालं?"

"नाही हो, काका. तक्रार करणाराच गेला. आतली घाण तशीच राहिली आणि मुळाच्या टोकातून हाडात झिरपायला लागली."

गळतीसाहेब बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले. खात्यातली कितीतरी मिटलेली प्रकरणं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असावीत. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी इतके दिवस त्यांनी हा उंबरा टाळला होता. "रूट कॅनाल केल्यावर दाढेतून ऐकू येईल का?"

जेवता येईल का, हसता येईल का, टोपी सोनेरी मिळेल का, असं पुष्कळांनी विचारलं होतं. हे बाईंना नवीन होतं. त्यांनी सगळं समजून घेतलं. सळई, झाकण, सूं. बायकोने मधे मधे भर घातली. मग बाई म्हणाल्या, "तुमच्या सळईला नस आहे का?"

"सळईला कसली नस?"

"मग आवाज तिच्यातून येतो कसा?"

गळतीसाहेबांनी जिभेने दाढ चाचपली.

"दाढेतली नस ठणका सांगते. गारगरम सांगते. आवाज तिच्यातून जात नाही. तो दाढेच्या कठीण भागातून जबड्याच्या हाडात जातो आणि हाडातून कानात. दाढ जागेवर घट्ट राहिली की झालं. म्हणून तर काढत नाहीये. आतले नळ साफ करायचे, टोकापर्यंत भरून बंद करायचे, वर टोपी बसवायची."

"नळ किती आहेत?"

"तीन असतात. कधी कधी चौथा निघतो."

"आमच्याकडेही नकाशात नसलेला एक असतोच," गळतीसाहेब म्हणाले आणि मागे टेकून त्यांनी आ वासला. पटलं असं त्यांना म्हणायचं होतं. पूर्ण पटलं नव्हतं. पण मेव्हण्यापेक्षा ही बाई जास्त नळातलं बोलत होती.

आधी सूज उतरवली, मग कामाला हात घातला. सुईसारख्या बारीक कानशी घेऊन बाई एकेका नळात उतरत होत्या आणि टोक जवळ आलं की एक छोटं यंत्र टुक टुक करत होतं. बाकी काही म्हणा, काम बघून गळतीसाहेब खूश झाले. चौथा नळ सापडला तेव्हा त्यांनी तोंडात सगळी हत्यारं असताना बाईंना शाबासकी द्यायचा प्रयत्न केला. बाईंनी तो हाताने थांबवला.

त्या दिवशी अर्धं तोंड बधिर घेऊन ते घरी आले. जिन्यात सर. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची धार हनुवटीवर येत होती आणि गळतीसाहेबांना तिचा पत्ता नव्हता.

"गळतंय," सर म्हणाले.

गळतीसाहेबांनी सवयीने मान हलवून नाही म्हटलं.

टोपी बसायला आणखी काही दिवस गेले. तोवर सळईला तोंड लावायचं नाही असा बाईंचा हुकूम होता, आणि पुढेही नुसती हलकेच टेकवायची, चावायची नाही. या दिवसांत ते यंत्र घेऊन कामाला जात होते. कर्णे त्यांच्या डोक्याला घट्ट होत आणि काटा प्रत्येक ट्रकला सलाम करी. शेवटी साहेबांनी विचारलं, "मग? दाढेचं काय?"

"आहे. बसलीय."

"बसलीय ते दिसतंय. चालते का? हे बघा, नुसतं तोंडी नको. आजवर कुणाला न सापडलेली एक गळती दाढेने शोधून दाखवा. मी स्वतः येतो, समोर फोडू. पाणी निघालं तर रस्ता तुमचा. नाही निघालं तर सोमवारपासून खिडकी. आणि उगाच रस्ते उकरायचे नाहीत, आधी खात्री करा."

खात्री करायची म्हणजे आधी दाढ सुरू आहे का ते बघायला हवं. तेही चारचौघांत नको. आणि सुरुवातीला मुका नळ हवा, म्हणजे काही नसताना दाढेला काही ऐकू येत नाही ना, ते कळेल. असा नळ शहरात एकच होता, ज्याच्या कोरडेपणाची ग्वाही त्यांनी स्वतः कमिटीसमोर दिली होती. संध्याकाळी त्यांनी बाथरूमचं दार ओढून घेतलं, सळईचं एक टोक नळावर ठेवलं आणि दुसरं हलकेच नव्या टोपीवर टेकवलं.

सूंऽऽऽ.

स्वच्छ, बारीक, अखंड. इतकं सुरेल त्यांना कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाई खरं बोलल्या होत्या, मेव्हणा खोटा पडला होता, दाढ जिवंत नसूनही शाबूत होती. त्यांनी दार उघडून बायकोला हाक मारली, "अगं ए, ऐकू येतंय. चांगलं खणखणीत ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?" बायको हात पुसत आली.

गळतीसाहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. इतका वेळ ते दाढ ऐकत होते. दाढ काय म्हणतेय ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

बायकोने सळईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "हवा असेल," ती म्हणाली.

गळतीसाहेब बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. ऐकू आलं म्हणावं तर इमारतीत नाक कापलं जाणार, आणि गळतीसाहेब हे नाव चार पिढ्या विनोदाला पुरणार. नाही आलं म्हणावं तर सोमवारी खिडकी. आजवर कुणाला न सापडलेली गळती, साहेब म्हणाले होते. ती आयती पायाशी येऊन बसली होती, आणि न सापडण्याचं श्रेयही त्यांचंच होतं.

"साहेबांना उद्या इकडेच बोलवा," बायको म्हणाली. आता तिचा आवाज नरम होता. "भिंत कधी ना कधी फोडायचीच आहे. निदान तुमची दाढ तरी राहील. पण आधी खाली जाऊन या."

ते गेले. सळई हातात तशीच होती. सरांनी दार उघडलं. खोलीत खुर्च्या बाजूला सरकवलेल्या होत्या, मध्ये बादली होती, आणि वर, पंख्यापासून खिडकीपर्यंत, एक अख्खा खंड पसरला होता. गळतीसाहेबांनी तो आज पहिल्यांदाच मान वर करून पाहिला.

"सर, माझी दाढ बरी झाली."

"वा. अभिनंदन."

"तिचं म्हणणं आहे की गळती आमचीच आहे."

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "दाढेचं कळलं. तुमचं काय म्हणणं आहे?"

गळतीसाहेबांनी सळई या हातातून त्या हातात घेतली. "माझं चुकलं, सर. तेव्हा दाढ दुखत होती. मी ऐकलंच नव्हतं."

सरांनी बादली उचलून बाजूला ठेवली, बरोबर त्या जागी एक खुर्ची मांडली आणि म्हणाले, "बसा. चहा टाकतो."

गळतीसाहेब बसले. चहा आला, बशीत बिस्किटं आली. पहिला थेंब मानेवर पडला, दुसरा टकलावर, तिसरा नेमका कपात. त्यांनी कप हलवला नाही. सर समोर बसून बघत होते, म्हणून त्यांनी एक बिस्किट घेतलं आणि सावकाश, डाव्या बाजूने, चावून खाल्लं.